बर्फावरचा सातवा सामना

हॉकी म्हटलें म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें मातीचें किंवा हिरवळीचें मैदान, वांकड्या काठ्या आणि ध्यानचंद हीं उभीं राहतात. उत्तर अमेरिकेंत याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील हॉकी बर्फावर चालते. २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असें गोठविलेलें अंगण, त्याच्या सभोंवार लांकडी कठडा, दोन्ही टोकांस जाळ्या, आणि पायांत पोलादी पात्यांचे बूट चढविलेले प्रत्येक बाजूचे सहा गडी. चेंडूच्या जागीं रबराची कठीण चकती असते. ती १ इंच जाड व ३ इंच व्यासाची. २० मिनिटांचें एक, अशीं तीन सत्रें होतात. गड्यांची अदलाबदल खेळ चालू असतांनाच होते, कारण पूर्ण वेगानें धांवूं लागल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच माणसाची छाती भरून येते. आघाडीला एका वेळीं तिघे खेळतात. त्या तिघांची एक फळी. नियम मोडणाऱ्यास पंच कठड्याबाहेर बसवितो, बहुधा दोन मिनिटें, आणि तेवढा वेळ त्याच्या संघाला एका गड्यानें कमी राहून झुंजावें लागतें. इतकें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडूं नये.

या खेळांतील सर्वांत मानाची वस्तु म्हणजे स्टॅन्ले कप. १८९२ सालीं कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं हें रुप्याचें पात्र देऊं केलें. त्याची मूळ किंमत अवघी दहा गिनी. त्या काळीं खेळणारे सारे हौशी असत. पुढें खेळाला धंद्याचें रूप आलें, १९१७ सालीं नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली, आणि १९२७ पासून हें पात्र या लीगच्या विजेत्यांकडेच जाऊं लागलें. हिंवाळाभर लीगचे सामने चालत. वसंताच्या तोंडाशीं वरच्या क्रमांकाचे संघ एकमेकांना बाद करीत जात, आणि शेवटीं जे दोन उरत त्यांच्यांत जास्तींत जास्त सात सामने होत. आधीं चार जिंकील त्याचें पात्र. साहजिकच ज्या संघानें पहिले तीन सामने गमावले, त्याच्या नांवानें लोक स्नान करून मोकळे होत. १९४२ पर्यंत अशा स्थितींतून या लीगमधील एकही संघ वर आला नव्हता.

त्या वर्षीं अंतिम फेरींत समोरासमोर आले ते टोरोंटोचे मेपल लीफ्स आणि डेट्रॉइटचे रेड विंग्ज. लीगमध्यें एकूण सात संघ होते. ४८ सामन्यांत ५७ गुण मिळवून टोरोंटोनें दुसरा क्रमांक पटकावला होता. डेट्रॉइट ४२ गुणांनिशीं पांचवें आलें होतें. जिंकलेल्या सामन्यांपेक्षां हरलेले सामने ज्याचे अधिक, असा तो संघ. अंतिम फेरी टोरोंटोची, हें जाणत्यांनीं गृहीतच धरलें होतें.

तथापि टोरोंटोकरांच्या मनांत एक जुनी सल होती. त्यांच्या संघानें पात्र शेवटचें जिंकलें तें १९३२ सालीं. त्यानंतर १९३३, १९३५, १९३६, १९३८, १९३९ आणि १९४० असा सहा वेळां हा संघ अंतिम फेरीपर्यंत चढला, आणि सहाही वेळां रिकाम्या हातानें परतला. एकदां हरणाऱ्याला लोक दुर्दैवी म्हणतात. सहा वेळां हरणाऱ्याच्या धैर्याविषयींच कुजबुज सुरू होते. संघाचे चालक कॉन स्माइथ हे मोठे करारी गृहस्थ. पहिल्या महायुद्धांत विमानी दलांत असतांना ते शत्रूच्या हातीं सांपडले होते. १९२७ सालीं त्यांनीं हा संघ विकत घेऊन त्याला मेपल वृक्षाच्या पानाचें नांव दिलें, आणि १९३१ सालीं, मंदीचा कहर चालू असतांना, सुमारें पांच महिन्यांत ‘मेपल लीफ गार्डन्स’ ही प्रचंड वास्तु उभी केली. पैसा अपुरा पडला तेव्हां कामगारांनीं मजुरीचा कांहीं भाग कंपनीच्या भागांच्या रूपानें घेतला. संघ जिंकला काय किंवा हरला काय, नगरांतील अनेक कुटुंबांचा त्याच्याशीं असा संबंध जडलेला होता.

काळ युद्धाचा होता. १९४१ च्या नाताळच्या दिवशीं हाँगकाँग पडलें आणि तेथें धाडलेल्या कॅनडाच्या दोन पलटणी जपान्यांच्या कैदेंत गेल्या. परदेशीं लढण्यासाठीं सक्तीची भरती करणार नाहीं, या दिलेल्या वचनांतून सरकारला मोकळें करावें कीं करूं नये, यावर २७ एप्रिल रोजीं देशभर मतदान व्हावयाचें होतें. स्माइथ सत्तेचाळिशींत पुन्हां गणवेष चढवून विमानविरोधी तोफखान्याच्या एका तुकडीचे प्रमुख झाले होते. तरुण, धट्टेकट्टे पुरुष बर्फावर खेळून पैसे मिळवितात, हें दृश्य कांहीं नागरिकांना खुपूं लागलें होतें, आणि तें खेळाडूंनाही जाणवत होतें. पुढील हंगामांत यांतील किती जण खेळावयास उरतील, हें कोणालाच सांगतां आलें नसतें.

मालिकेचा आरंभ ४ एप्रिल रोजीं टोरोंटोंत झाला. डेट्रॉइटनें पहिला सामना ३-२ असा घेतला, ७ तारखेचा दुसरा ४-२ असा घेतला, आणि ९ तारखेस आपल्या गांवीं तिसरा ५-२ असा घेतला. हा योगायोग नव्हता. डेट्रॉइटचे शिक्षक जॅक ॲडम्स यांनीं आपल्या संघाची कुवत ओळखून एक साधी युक्ति योजिली होती. तोंवर चांगले संघ चकती काठीच्या टोकाशीं राखीत, एकमेकांकडे देत, नेटकेपणानें शत्रूच्या हद्दींत शिरत. टोरोंटोचा लौकिक अशाच रेखीव खेळाबद्दल होता. ॲडम्सच्या गड्यांनीं तो शिष्टाचार सोडून दिला. मैदानाचा मध्य गांठला कीं ते चकती शत्रूच्या कोपऱ्यांत भिरकावून देत आणि दोघे-तिघे तिच्यामागें वाघासारखे झेपावत. कठड्यापाशीं टोरोंटोचा बचावाचा गडी मान वळवून चकती शोधतो न शोधतो तों त्याच्या अंगावर धक्का बसे. बचावाचे गडी जड असले तर ही युक्ति फारच लागू पडते. टोरोंटोचे कांहीं गडी जड होते.

येथेंच या हकीकतीचा गाभा आहे. टोरोंटोचे शिक्षक क्लॅरेन्स डे. आनंदी स्वभावामुळें त्यांना सारे ‘हॅप’ म्हणत. १९३२ च्या विजयी संघाचे नायक तेच होते. तिसरा सामना हरल्यावर चौथ्याला मध्यें दोनच दिवस होते. अशा वेळीं सामान्य शिक्षक गड्यांना चार कठोर शब्द सुनावतो, चार गोड शब्द बोलतो, आणि तेच गडी पुन्हां पाठवितो. डे यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं गॉर्डी ड्रिलन याला बाहेर बसविलें.

हा निर्णय किती धाडसाचा होता याची कल्पना येण्यासाठीं ड्रिलन कोण होता हें सांगणें अवश्य आहे. न्यू ब्रन्सविक प्रांतांतील मंक्टन गांवचा हा उंच गडी १९३७-३८ च्या हंगामांत साऱ्या लीगमध्यें गुणसंख्येनें पहिला आला होता. १९४२ मध्येंही टोरोंटोच्या अग्रगण्य गोल करणाऱ्यांत त्याची गणना होती. त्याची हातोटी अशी कीं, जाळीसमोर जागा धरून उभें राहावें आणि सोबत्यांनीं दिलेली चकती क्षणार्धांत आंत ढकलावी. हंगामभर या हातोटीनें संघाला सामने जिंकून दिले होते. परंतु जेथें मागें धांवत येऊन शत्रूला गांठावें लागतें, तेथें जागा धरून उभा राहणारा गडी ओझें होतो. पहिल्या तीन सामन्यांत ड्रिलन निष्प्रभ ठरला होता. त्याच्याबरोबर डे यांनीं बको मॅक्डॉनल्ड यालाही काढलें. हा बचावांतील भक्कम गडी. अंगावर येणाऱ्याला आडवा पाडण्यांत पटाईत, परंतु पायांनीं मंद. ड्रिलनच्या जागीं आला डॉन मेट्झ. सस्कॅचिवान प्रांतांतील विल्कॉक्स या खेड्यांतल्या शेतकरी कुटुंबांतील दोघे भाऊ या संघांत होते. थोरला निक नांवाजलेला, आणि धाकटा डॉन बहुतेक हंगाम बाकावर बसून काढलेला. डे यांनीं दोघां भावांना संघनायक सिल ॲप्स याच्या जोडीला देऊन नवी फळी बनविली. पुढील सामन्यांत तर त्यांनीं वीस वर्षांचा एर्नी डिकन्स आणि अठरा वर्षांचा गे स्ट्युअर्ट यांनाही आणलें. यांतल्या स्ट्युअर्टनें तोंवर लीगचा एकही साधा सामना खेळलेला नव्हता!

लोकांच्या तोंडीं मात्र दुसरीच कथा राहिली आहे. चौथ्या सामन्यापूर्वीं डे यांनीं खेळाडूंच्या खोलींत एका चौदा वर्षांच्या मुलीचें पत्र वाचून दाखविलें. चारही सामने हरलांत तर मला शाळेंत तोंड दाखवितां येणार नाहीं, तुम्ही अजून जिंकाल असा माझा विश्वास आहे, अशा आशयाचें तें पत्र होतें. तें ऐकून गड्यांचे डोळे पाणावले, त्यांना स्फुरण चढलें, आणि पुढील चमत्कार घडला, असें सांगतात. पत्र खरें होतें आणि तें वाचलें गेलें हेंही खरें. परंतु पत्रानें माणसाच्या पायांना गति येत नाहीं. तेंच पत्र ड्रिलन व मॅक्डॉनल्ड यांना वाचून दाखवून त्यांनाच पुन्हां बर्फावर धाडलें असतें, तर त्या मुलीची लाज कितपत राखली गेली असती, हा प्रश्नच आहे. कथा सांगणाऱ्यांना पत्र आवडतें, कारण त्यांत कोणाचें नुकसान नाहीं. डे यांच्या निर्णयांत एका मोठ्या खेळाडूचें नुकसान होतें, म्हणून तो भाग लोक चटकन आटोपतात.

चौथा सामना १२ एप्रिल रोजीं डेट्रॉइटच्या ऑलिंपिया भवनांत झाला. दुसऱ्या सत्रांत डेट्रॉइटनें दोन गोल केले. पात्र जणूं त्यांच्या हातांत आलें. इतक्यांत बॉब डेव्हिडसननें एक व लॉर्न कारनें एक अशी टोरोंटोनें बरोबरी साधली. तिसऱ्या सत्रांत कार्ल लिस्कम यानें डेट्रॉइटला पुन्हां पुढें नेलें. तेव्हां ॲप्सनें बरोबरीचा आणि निक मेट्झनें विजयाचा गोल केला. दोन्ही गोल नव्या फळीचे. ४-३.

यानंतर जें घडलें तें खेळाच्या इतिहासांत फारसें भूषणावह नाहीं. सामन्याच्या अखेरीस पंच मेल हारवुड यांनीं डेट्रॉइटच्या वेअर्स व ग्रॉसो या दोघांना शिक्षा केल्या. वेअर्सनें पंचांच्या हातांत गरम पाण्याची पिशवी देऊन त्यांची थट्टा केली. शेवटची घंटा होतांच ॲडम्स स्वतः बर्फावर धांवत गेले आणि त्यांनीं हारवुड यांच्यावर हात टाकला. प्रेक्षकांत लीगचे अध्यक्ष फ्रँक कॉल्डर बसले होते. त्यांनीं दोघां गड्यांस शंभर-शंभर डॉलर दंड केला आणि ॲडम्स यांना अनिश्चित काळापर्यंत संघापासून दूर ठेवलें. उरलेले सामने डेट्रॉइट त्यांच्यावांचून खेळलें. दुखापतीनें बाहेर असलेला खेळाडू एबी गुडफेलो यानें शिक्षकाची जागा घेतली. डेट्रॉइटच्या पराभवाचें खापर अनेक जण या एका घटनेवर फोडतात. तें पटण्यासारखें नाहीं. ॲडम्स यांनीं हात उगारला तो सामना गेल्यानंतर. त्यांचा डावपेच त्याआधींच निष्फळ ठरूं लागला होता.

१४ तारखेस टोरोंटोंत पांचवा सामना ९-३ असा सुटला. डॉन मेट्झनें एकट्यानें तीन गोल केले. ॲप्सनें दोन केले आणि आणखी तिघांना साहाय्य केलें. या ॲप्सविषयीं दोन शब्द सांगावयास हवेत. तो दारू पीत नसे, तंबाखूला शिवत नसे. १९४१-४२ च्या संपूर्ण लीगमध्यें पंचांनीं त्याला एकदांही बाहेर बसविलें नाहीं. बांबूच्या उडींत १९३४ च्या ब्रिटिश एंपायर खेळांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें होतें, आणि १९३६ च्या ऑगस्टांत बर्लिनच्या ऑलिंपिकमध्यें त्याच उडींत तो इतरांबरोबर सहाव्या स्थानावर आला होता. ज्या बर्लिनमध्यें ध्यानचंदांच्या हिंदी संघानें जर्मनीला ८-१ असें नमविलें, त्याच बर्लिनमध्यें बर्फावरील हॉकीचा हा भावी नायक काठी टेकून उड्या मारीत होता.

१६ तारखेचा सहावा सामना पुन्हां डेट्रॉइटला होता. पहिलें सत्र कोरें गेलें. दुसरें सत्र सुरू होऊन पुरतें अर्धें मिनिटही झालें नव्हतें तोंच डॉन मेट्झनें गोल केला. गोलरक्षक टर्क ब्रोडा यानें तीनही सत्रांत एकही चकती आंत जाऊं दिली नाहीं, आणि सामना ३-० असा टोरोंटोच्या पदरांत पडला. एका चिडलेल्या प्रेक्षकानें बर्फावर मेलेला मासा फेंकला. तीन-तीन झाले.

सातवा सामना शनिवार ता. १८ एप्रिल १९४२ रोजीं मेपल लीफ गार्डन्समध्यें झाला. अमेरिकन विमानांनीं टोकियोवर पहिला बॉम्बवर्षाव केला तो याच तारखेस. गार्डन्समध्यें त्या रात्रीं १६,२१८ माणसें मोजलीं गेलीं. कॅनडांत हॉकीच्या सामन्याला तोंवर इतका समुदाय कधींच जमला नव्हता. आंत जे येऊं शकले नाहींत ते नभोवाणीभोंवतीं बसले. प्रेक्षागाराच्या छताखालीं, बर्फापासून ५६ फूट उंचीवर, लोंबत्या सज्ज्यासारखी एक चिंचोळी जागा होती. तेथून फॉस्टर ह्यूइट सामन्याचें वर्णन करीत. १९२३ पासून त्यांनीं हें काम चालविलें होतें. शनिवारच्या रात्रीं कॅनडांतील, संयुक्त संस्थानांतील व न्यूफाउंडलंडमधील श्रोत्यांना ते अभिवादन करीत, आणि मग चकती कोणाकडे आहे, कोणत्या कोपऱ्यांत आहे, हें त्यांचा चिरका, घाईचा आवाज घराघरांत पोंचवी. ज्यांनीं आयुष्यांत गार्डन्स पाहिलें नव्हतें असे गव्हाच्या प्रदेशांतले शेतकरी त्या आवाजावरून प्रत्येक गड्याची चाल ओळखूं शकत. त्या रात्रीं दोन तासांहून अधिक काळ एक मोठा देश एकाच माणसाच्या डोळ्यांनीं पाहत होता, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

पहिल्या सत्रांत गोल झाला नाहीं. दोन्ही संघ सावध होते. सहा सामन्यांत एकमेकांच्या सर्व खोड्या दोघांनाही कळून चुकल्या होत्या. दुसऱ्या सत्राला प्रारंभ होऊन दोन मिनिटें होतात न होतात तों डेट्रॉइटच्या सिड हाउ यानें ब्रोडाला चकवून गोल केला. ०-१. त्यानंतर डेट्रॉइटनें जाळीसमोर भिंत उभारली. त्यांचा गोलरक्षक जॉनी मोवर्स कांहीं केल्या हार जाईना. ज्या संघानें पांचव्या सामन्यांत नऊ गोल केले होते, त्याला सातव्यांत चाळीस मिनिटांत एकही करतां आला नाहीं. दुसरें सत्र संपलें तेव्हां सोळा हजार माणसांच्या मनांत सहा जुने पराभव जागे झाले असतील, यांत नवल नाहीं.

मध्यंतरांत स्माइथ, जे लष्कराच्या छावणींतून सामन्यासाठीं आले होते, खेळाडूंच्या खोलींत गेले. त्यांची काळजी पाहून स्वीनी श्रायनर यानें त्यांनाच धीर दिला, आम्ही दोन-चार गोल काढूं, चिंता कशाला करतां, असें सांगितलें, अशी आठवण सांगितली जाते. श्रायनर हा रशियांतील साराटोव्ह येथें जन्मलेला आणि कॅलगरींत वाढलेला, वृत्तीनें निश्चिंत. तो बढाईखोर नव्हता, एवढें पुढील वीस मिनिटांनीं सिद्ध केलें.

तिसरें सत्र सुरू झालें. सहा-सात मिनिटें लोटलीं. डेट्रॉइटचा बचावांतील दांडगा गडी जिमी ऑर्लांडो याला पंच बिल चॅडविक यांनीं बाहेर बसविलें. एक गडी कमी झाला तेवढ्या अवधींत श्रायनरनें चकती जाळींत घातली. १-१. आतां डेट्रॉइटचे पाय जड होऊं लागले. त्यांचा सारा डावपेच धांवण्यावर उभारलेला. पंधरा दिवसांत सातवा सामना, आणि ज्यांच्या मागें धांवावयाचें ते टोरोंटोचे नवे गडी ताज्या दमाचे. तिसऱ्या सामन्यानंतर घेतलेल्या निर्णयाचें फळ या वेळीं दिसूं लागलें.

आणखी तीन मिनिटांनीं तो गोल झाला, ज्यासाठीं हा सामना स्मरणांत राहिला. जॉनी मॅक्क्रीडी यानें मारलेली चकती मोवर्सनें अडविली. परंतु ती त्याच्या अंगावरून पुढें उसळली, आणि तिला दूर सारण्याच्या धांदलींत जाळी उघडी पडली. जवळच होता पीट लॅंजेल. विनिपेगचा हा चोवीस वर्षांचा गडी तिसऱ्या फळींत खेळे; वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्याचें नांव क्वचित येई. त्यानें चकती मोकळ्या जाळींत ढकलली. २-१. ह्यूइट यांचा आवाज त्या गजरांत बुडून गेला असल्यास आश्चर्य नाहीं. सुमारें चार मिनिटें उरलीं असतांना श्रायनरनें स्वतःचा दुसरा गोल करून राहिलेली धास्ती घालविली. ३-१. शेवटचे क्षण प्रेक्षक उभ्यानेंच मोजत होते.

कॉल्डर यांनीं पात्र ॲप्सच्या स्वाधीन केलें. पुढल्याच फेब्रुवारींत ते वारले; म्हणजे त्यांच्या हातून दिलें गेलेलें तें अखेरचें पात्र. दहा वर्षांची प्रतीक्षा संपली होती.

त्या रात्रीं बर्फावर जमलेले हे गडी पुन्हां एकत्र असे फारसे खेळले नाहींत. लॅंजेल विमानी दलांत गेला. युद्ध संपल्यावर तो परतला व दुय्यम संघांतून खेळलाही. परंतु नॅशनल हॉकी लीगच्या बर्फावर त्यानें पुन्हां पाऊल ठेवलें नाहीं. पात्र जिंकून देणारा गोल हाच त्या लीगमधील त्याचा शेवटचा गोल. मेट्झ बंधु, ब्रोडा, श्रायनर, स्टॅनोव्स्की, गोल्डहॅम असे एकामागून एक सैन्यांत, आरमारांत किंवा विमानदलांत दाखल झाले. ॲप्सचा पाय १९४३ च्या हंगामांत मोडला. खेळूं न शकलेल्या दिवसांचें वेतन तो स्माइथ यांना परत करूं पाहत होता, असें सांगतात. त्याच वर्षीं तोही सैन्यांत गेला. डेट्रॉइटचे सिड एबेल, जॅक स्टुअर्ट व मोवर्स यांचीही वाट तीच झाली. स्वतः स्माइथ १९४४ च्या जुलैंत नॉर्मंडींत जबर जखमी झाले. परत आल्यावर रुग्णशय्येवरूनच त्यांनीं, आघाडीवर अर्धवट शिकलेले शिपाई धाडले जात आहेत, असें उघड पत्रक काढलें, आणि सक्तीच्या भरतीचा मिटलेला वाद पुन्हां पेटविला.

डेट्रॉइटनें या पराभवाचा बाऊ केला नाहीं. ॲडम्स पुन्हां आपल्या जागीं आले आणि १९४३ चें पात्र त्यांच्या संघानें बॉस्टनला सरळ चार सामन्यांत हरवून मिळविलें. १९४५ सालीं याच दोन संघांची अंतिम फेरींत पुन्हां गांठ पडली, आणि जणूं १९४२ चा आरसाच समोर धरला गेला! या खेपेस टोरोंटोनें पहिले तीन जिंकले आणि डेट्रॉइटनें पुढील तीन. सातवा सामना २२ एप्रिल रोजीं डेट्रॉइटच्या बर्फावर झाला. टोरोंटोनें तो २-१ असा जिंकला. बाकावर हॅप डे हेच होते. त्यांच्या कारकीर्दींत टोरोंटोनें एकंदर पांच वेळां पात्र मिळविलें.

तीन सामने गमावून चार जिंकण्याचा पराक्रम त्यानंतर या लीगमध्यें तीनदां घडला: १९७५ मध्यें न्यूयॉर्क आयलंडर्स, २०१० मध्यें फिलाडेल्फिया आणि २०१४ मध्यें लॉस एंजेलिस. परंतु तिन्ही वेळां तो आधींच्या फेऱ्यांत. अंतिम फेरींत टोरोंटोच्या त्या पराक्रमाची बरोबरी कोणी केलेली नाहीं. २०२४ सालीं एडमंटनचा संघ फ्लॉरिडाविरुद्ध तीन हरून पुढील तीन जिंकला व सातव्या सामन्यापर्यंत पोंचला. तो सामना फ्लॉरिडानें २-१ असा घेतला.

ज्या दोघांना डे यांनीं बाहेर बसविलें त्यांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. ड्रिलन टोरोंटोकडून पुन्हां खेळला नाहीं. त्याला मॉन्ट्रियलकडे देण्यांत आलें. तेथें त्यानें १९४२-४३ च्या हंगामांत भरघोस गोल केले, जणूं आपल्या हातांतील कसब गेलेलें नाहीं एवढें दाखविण्यासाठींच. मग तो सैन्यांत गेला, आणि लीगमध्यें परतला नाहीं. हॉकीच्या सन्मान-मंदिरांत त्याचें नांव कोरलें गेलें तें १९७५ सालीं. डे यांचा निर्णय बरोबर होता यांत शंका नाहीं. ड्रिलनवर त्यामुळें जो डाग राहिला तो मात्र न्यायाचा नव्हता. सहा-सात हंगाम ज्यानें संघाला तारलें, त्याचें नांव निघालें कीं लोकांना तो बाकावर बसलेलाच आठवे.

मॅक्डॉनल्डच्या वांट्याला याहून बरें आयुष्य आलें. तो आणखी तीन वर्षें लीगमध्यें टिकला, १९४५ सालीं ऑन्टॅरिओंतील पॅरी साउंड मतदारसंघांतून पार्लमेंटवर निवडून आला आणि १९५७ पर्यंत तेथें बसला. पुढें पॅरी साउंडमध्यें तो लहान मुलांना हॉकी शिकवूं लागला. त्यांत बॉबी ऑर नांवाचा एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. बर्फावर तो इतक्या वेगानें धांवे कीं, पाहणाऱ्या कोणीही त्याला आघाडीलाच ठेवलें असतें. मॅक्डॉनल्डनें त्याला बचावाच्या जागीं उभें केलें. तेथून समोरचें सारें बर्फ याला दिसेल आणि धांवावयास मोकळें मिळेल, असा त्याचा हिशेब होता. पुढें ऑर बॉस्टनकडून खेळूं लागला आणि १९६९-७० च्या हंगामांत साऱ्या लीगमध्यें गुणसंख्येनें पहिला आला. बचावाच्या जागेवरून खेळणाऱ्या कोणालाही तोंवर तें साधलेलें नव्हतें.